थायलंडात इंग्रजीचे गुरुजी



थायलंड हा बौद्ध देश कधीही युरोपीय सत्तेची वसाहत झाला नाही. त्यामुळे तेथे इंग्रजी घरोघर रुजली नाही आणि शाळांना परदेशी शिक्षक लागतात. बँकॉकची विहारे पाहायला जाणाऱ्या आपल्या पदवीधर मुलामुलींनी ही वाटही पाहावी.

वाट सोपी नाही. पदवी आणि पोलिसांचा दाखला हवा. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना टोइकसारख्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. ‘बी’ वर्गाचा व्हिसा आणि कामाचा परवाना शाळेच्या कागदांवर मिळतो. पर्यटक व्हिसावर शिकवणे गुन्हा आहे. म्हणून “आधी चला, कागद मागून करू” म्हणणाऱ्या दलालासाठी आईचे दागिने गहाण ठेवू नका.

कित्येक जाहिरातींत इंग्रज-अमेरिकनांनाच पसंती असते. जन्मावरून लायकी ठरवणे आपल्याला नवे नाही. तयारी पक्की ठेवावी.

तेथे ‘वाय ख्रू’च्या दिवशी विद्यार्थी हरळी आणि वांग्याची फुले घेऊन गुरूपुढे गुडघे टेकतात. ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसवले, त्यांची नात त्या खुर्चीवर का बसू नये?

जय भीम!