सोळा कुणी तोलले?

भोर आणि वेल्ह्यात मिळून सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातली बरीच वर्षं माझा एकच धोशा होता: पाण्याचं सूत्र एच-टू-ओ, ऑक्सिजन 16, पाठ करा, गुण मिळवा. ते कुणी शोधलं, कोण कुठे चुकलं, हा माझ्या लेखी नुसता पाल्हाळ. खरं कारण वेगळं होतं. मलाच ते धड माहीत नव्हतं.

वेल्ह्याच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, अणू दिसतच नाही, मग 16 पट जड हे तोललं कुणी?" "परीक्षेला येत नाही," म्हणत मी तिला खाली बसवलं. दिवाळीच्या सुट्टीत मात्र पुस्तकं काढली.

तराजू एवढंच सांगतो, की पाण्यात एक भाग हायड्रोजनला सुमारे आठ भाग ऑक्सिजन असतो. डाल्टननं एकास एक अणू गृहीत धरला. तसं धरलं तर ऑक्सिजन 8. दोनास एक धरलं तर 16. सूत्राशिवाय वजन नाही, वजनाशिवाय सूत्र नाही! गाठ सोडवली ती मापानं. गे-ल्युसॅकनं दाखवलं, की दोन मापं हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन मापं वाफ होते. 1811 मध्ये आव्होगाद्रोनं त्याचा अर्थ लावला.

सुट्टीनंतर वर्गात विचारलं, "आंबेमोहोराची पायली आणि जाड्या भाताची पायली, दाणे सारखेच?" पोरं हसली. "छे सर, आंबेमोहोर बारीक, जास्त मावणार." आव्होगाद्रोचं म्हणणं असं, की वायूंचं तसं नाही. तापमान आणि दाब सारखा असला, की कुठल्याही वायूच्या पायलीत दाणे तेवढेच. मग पायल्या तोलल्या, की दाण्यांची तुलना झालीच. ऑक्सिजनची पायली हायड्रोजनच्या 16 पट भरते. शिवाय त्या एका पायलीतून वाफेच्या दोन पायल्या होतात, म्हणजे ऑक्सिजनचा दाणा दुभंगलाच पाहिजे. म्हणून ओ-टू.

मग धुण्याच्या सोड्याचं पाणी, पेन्सिलीची दोन शिसं, नऊ व्होल्टची बॅटरी आणि पाणी भरून पालथ्या घातलेल्या दोन परीक्षानळ्या. एका नळीत वायू जवळजवळ दुप्पट साठला. तिच्या तोंडाशी पेटती काडी नेली, फट्ट आवाज झाला, आणि वर्ग उभा राहिला.

आव्होगाद्रोचं म्हणणं जवळपास पन्नास वर्षं बाजूला पडलं होतं. 1860 मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारोनं ते पुन्हा मांडलं, तेव्हा कुठे रसायनज्ञ वळू लागले. मग माझ्या पोरांनी ते एका रात्रीत पाठ का करावं?

त्या मुलीची मी वर्गासमोर माफी मागितली. आता पहिल्या तासाला फळ्यावर सूत्र लिहीत नाही. आधी नळ्या भरतो.