राब आणि आळस

आयर्लंडमधील अल्पभूधारक शेतकरी ज्या वाफ्यांत बटाटे लावीत, त्यांना इंग्रजीत ‘लेझी बेड’, म्हणजे आळशी वाफे, असे नाव पडले. न नांगरलेल्या हिरवळीवरच शेणखत किंवा समुद्रशेवाळ पसरायचे, त्यावर बटाट्याच्या फोडी मांडायच्या आणि दोन्ही बाजूंची गवताळ ढेपळे फावड्याने उलटून त्या झाकायच्या. कडेला उरलेल्या चरांतून पाणी निघून जाते आणि त्या ओल्या, थंड मुलखात पीक कुजत नाही. हातफावड्याच्या या मेहनतीत आळस कोणता, हे नांगरवाल्यांनाच ठाऊक!

हे वाचताना आम्हांला आमचाच परिसर आठवला. आम्ही शिकवतो ती बोरिवली-मुलुंडची उपनगरे १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत. ठाणे-कुलाब्याकडे भाताची रोपे राबावर वाढवीत. रोपवाटिकेच्या जागेवर शेण, त्यावर तोडलेल्या फांद्यांचा कवळ, मग पाचोळा व गवत, आणि राख उडू नये म्हणून वर मातीचा पातळ थर. उन्हाळ्यात हे सारे पेटवायचे. तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. पावसाच्या तोंडावर तिथे बी पेरायचे आणि रोपे हाताशी आली की चिखलणी केलेल्या खाचरांत लावायची.

वनखात्याला यात दिसली ती झाडांची नासाडी. ही चिंता अगदीच निराधार नव्हती, हे मान्य करायला हवे. परंतु ज्याच्या रोपांचा प्रश्न होता, त्याची बाजू तिच्यात नव्हती. कवळतोडीवरील निर्बंधांमुळे असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा.

‘राब’ आणि ‘राबणे’ यांची व्युत्पत्ती एकच, असा आमचा दावा नाही. तरीही एका भाषेत आळस ठरलेली मेहनत दुसरीत कष्टाच्याच उच्चाराने ओळखली जावी, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

गेल्या वर्षी वर्गात ‘लावणी’चे अर्थ लिहायला सांगितले. बहुतेकांनी नृत्य लिहिले, काहींनी शाहिरी काव्य. पाड्यावरून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने ‘आमच्याकडे आवण म्हणतात’ एवढेच लिहून खाली पानभर राबाची कृती दिली. तिला गुण किती द्यावेत, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.