निकालाच्या आदल्या रात्री

मी अर्धवेळ शिक्षिका. भावोजींनी करून दिलेल्या जावा प्रोग्रॅमवर वर्गाची गुणपत्रके काढते. दुरुस्तीवाल्याने संगणकात जावा 8 काढून 11 घातले नि ऐन निकालाच्या आदल्या संध्याकाळी प्रोग्रॅम रुसला! कणीक भिजवून तशीच राहिली. हे म्हणाले, "हातानंच लिही आता." बाई गं, चाळीस मुलांची?

भावोजींना फोन लावला. "वहिनी, घाबरू नका. चुकीच्या संदेशात 'जावाएक्स, एक्सएमएल, बाइंड' असं दिसतं का?" दिसलं! गुणांची फाइल वाचणारा तो भाग जावा 8 मध्ये आयताच होता. 2018 च्या जावा 11 मधून तो काढून टाकला. म्हणजे नव्या स्वयंपाकघरात पाटा-वरवंटाच नाही! 11 तसेच ठेवून शेजारी जावा 8 बसवले, प्रोग्रॅम त्यावर चालवला.

साडेदहाला शेवटचे गुणपत्रक छापून झाले. पोळ्या ह्यांनी लाटल्या होत्या. नकाशेच ते, पण गरम होते.