ओठाला लागणारा काठ

जपानी काचेचा पातळ पेला हातात घेतला की आधी जाणवतो तो त्याचा काठ. टोकियोच्या शोतोकू ग्लासचे 'उसुहारी' पेले एक मिलिमीटरहूनही पातळ असतात आणि त्यामागचं कसब विजेच्या दिव्यांचे गोळे फुंकणाऱ्या कारागिरांकडून आलेलं आहे. असा पेला ओठाला लावला की मला जयपूरची निळी भांडी आठवतात. ती आपण शोभेच्या कपाटात कोंडून ठेवली, हे मला पटत नाही. त्यांच्याही अंगात काचच आहे. गारेची पूड, दळलेली काच, थोडी मुलतानी माती, सज्जी आणि कतिरा गोंद यांचा तो लगदा. चिकणमातीसारखं त्याचं अख्खं भांडं चाकावर चढत नाही, म्हणून तो पोळीसारखा थापून साच्यात बसवायचा, आकार ढासळू नये म्हणून आत राख भरायची, गळा आणि बूड चाकावर वेगळं करून जोडायचं. मग घासून, पांढरं अस्तर देऊन खारीच्या केसांच्या कुंचल्याने वेलबुट्टी काढायची. कोबाल्टचा रंग तेव्हा काळपटच असतो. त्यावर झिलई चढते, 800 ते 850 अंश सेल्सिअसच्या एकाच भाजणीतून भांडं बाहेर येतं आणि तेव्हा कुठे निळा उमलतो.

यावर कुणी म्हणेल, असल्या रवाळ लगद्याचा काठ पातळ होणार कसा? नाहीच होणार. पण नजाकत केवळ पातळपणात असते, हे मला मान्य नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला जवळपास विझली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि गायत्रीदेवी यांच्या पाठबळावर ती पुन्हा उभी करणारे कृपालसिंह शेखावत शांतिनिकेतनात आणि जपानमध्ये शिकलेले चित्रकार होते. त्यांच्या भांड्यांची नजाकत रेषेत आहे. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. जुन्या झिलईत शिसं असे आणि आंबट पेयात ते उतरू शकतं. म्हणून पिण्याच्या भांड्यावर बिनशिशाचीच झिलई हवी, तीही प्रयोगशाळेत तपासलेली. अशी झिलई करता येते. ती थोडी महाग पडली तरी हरकत नाही. राहिला ठिसूळपणा. कमी आचेवर भाजलेलं सच्छिद्र अंग उकळत्या चहापुढे टिकणार नाही, हे खरं. पण जयपूरच्या उन्हाळ्यात गार पाणी आणि ठंडाई आहेच की. फुलदाणी एकदा घेतली की वर्षानुवर्षं पुरते, पेले मात्र फुटतात आणि पुन्हा घ्यावे लागतात. कारागिराची भट्टी त्यावरच पेटती राहील.