चारशे मीटरच्या शोधात : गिरगाव ते लालबाग

वाळकेश्वरच्या बाबू अमीचंद पन्नालाल देरासरात सकाळच्या पूजेची लगबग सुरू होते, त्याच सुमारास मलबार टेकडीच्या पश्चिम अंगाला, नेपियन सी रोडच्या खाली, प्रियदर्शिनी पार्कच्या धावपट्टीवर मुलांची पावले पडू लागतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उंच इमारती आणि मध्ये तांबूस रंगाचे ते लंबवर्तुळ. मुले वॉर्मअप करीत असतात. पालक कठड्याशी उभे राहून मनगटावरील घड्याळाकडे पाहत असतात. कोणाला शाळेची वेळ गाठायची असते, कोणाला झवेरी बाजारातील पेढी उघडायची असते.

या मुलांपैकी एखाद्याच्या मनात जागतिक कनिष्ठ मैदानी स्पर्धेचे स्वप्न असले, तर ते पुरे करण्यास मुंबईच्या या जुन्या भागात त्याला किती जागा मिळते, हा प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मात्र पायी फिरूनच शोधावे लागते.

स्वप्न कोणते, ते आधी पाहू. वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक मैदानी स्पर्धा १९८६ मध्ये अथेन्स येथे सुरू झाली आणि साधारणतः दर दोन वर्षांनी भरत आली. भारताला तिच्यातील पहिले सुवर्णपदक मिळण्यास २०१६ साल उजाडले. पोलंडमधील बिडगोश्च येथे नीरज चोप्रा याने ८६.४८ मीटर भाला फेकला आणि कनिष्ठ गटाचा जागतिक विक्रम केला. त्याच वर्षीच्या रिओ ऑलिंपिकमध्ये ८५.३८ मीटरच्या फेकीस कांस्यपदक मिळाले. परंतु पात्रतेची मुदत ११ जुलै रोजी संपली होती आणि नीरजची फेक २३ जुलैची. हिशेब बंद झाल्यावर आलेली रक्कम कितीही मोठी असली तरी ती त्या वर्षाच्या खात्यात जमा होत नाही. व्यापारी घराला हे वेगळे सांगावे लागत नाही. पाच वर्षांनी टोकियोत सुवर्णपदक मिळवून त्याने ती बाकी सव्याज वसूल केली.

दोन वर्षांनंतर, १२ जुलै २०१८ रोजी, फिनलंडमधील टॅम्पेरे येथे हिमा दास हिने ४०० मीटरची शर्यत ५१.४६ सेकंदांत जिंकली. अखेरच्या वळणापर्यंत ती आघाडीवर नव्हती. शेवटच्या सरळ टप्प्यात तिने एकेकीला मागे टाकले. जागतिक स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीचे सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. आसाममधील ढिंग गावाजवळच्या भातशेतीच्या परिसरात तिचे धावणे सुरू झाले होते. २०२१ मध्ये नैरोबी येथे झाशीच्या शैली सिंगने लांब उडीत ६.५९ मीटरची झेप घेतली आणि अवघ्या एका सेंटीमीटरने तिचे सुवर्णपदक हुकले. तिच्या आईने शिवणकाम करून मुलांना वाढवले होते. जागतिक पदकाचे मोल सेंटीमीटरने आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने ठरते, आणि तो भाग कमावण्यासाठी वर्षानुवर्षे रोज जागा आणि वेळ लागतो.

टेकडीवरून गिरगावात उतरले की चौपाटी लागते. मुंबई किनारी रस्त्याचा जोडबोगदा आता येथूनच मलबार टेकडीच्या पोटातून प्रियदर्शिनी पार्कपाशी निघतो. दोन किलोमीटरहून थोडे अधिक असलेले हे अंतर मोटार दोन-तीन मिनिटांत पार करते. मात्र गिरगावातील चाळीत राहणाऱ्या मुलाला सराव करायचा असेल तर तो पायी मरीन ड्राइव्हच्या पदपथावर जातो. पहाटे तेथे धावणाऱ्यांची गर्दी असते. पण काँक्रीट आणि फरशी वाढत्या वयाच्या गुडघ्यांना मानवत नाही. जिमखान्यांची रांग ओलांडून मरीन लाइन्सला पोहोचले की रेल्वेरुळांना लागून मुंबई विद्यापीठाचे क्रीडासंकुल आणि तेथील कृत्रिम धावपट्टी दिसते. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांच्या दिवशी येथे पाठीवर क्रमांक लावलेली मुले, शिट्ट्या आणि डब्यांचा वास असा सगळा मेळा भरतो. शंभर मीटर धावण्यात मुंबईने देशाला आदिल सुमारीवाला यांच्यासारखा धावपटूही दिला. ते १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये धावले आणि पुढे भारतीय मैदानी खेळांच्या महासंघाचे अध्यक्ष झाले.

दादरला पोहोचले की शिवाजी पार्कचा कट्टा. १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुले झालेले हे मैदान दोन वर्षांनी शिवछत्रपतींच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कट्ट्याभोवतीचा फेरा सुमारे १.२ किलोमीटर आहे, आणि दादरकर आपले वय त्या फेऱ्यांत मोजतात. मैदानाच्या मातीत क्रिकेटच्या खेळपट्ट्या आहेत, सरावाची जाळी आहेत. कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा येथेच भरली आणि परदेशी मुलामुलींनी दादरच्या मातीत रोवलेल्या खांबावर कसरती केल्या. जग दादरला आले ते मल्लखांबासाठी. धावण्यासाठी येण्याजोगी पट्टी मात्र येथे नाही.

त्यासाठी मुंबईकर मुलाला घाट चढावा लागतो. पुण्याजवळच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारले गेले. ऑक्टोबर २००८ मध्ये तेथे तिसरी राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाली. ७१ संघांची अठरा वर्षांखालील मुले नऊ खेळांत उतरली, मैदानी खेळ त्यांत होते, आणि पदकतालिकेत भारत पहिला आला. २०१३ मध्ये तेथेच आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा झाली. वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा भारतात अद्याप भरलेली नाही. तोपर्यंत मराठी मुलांना आंतरराष्ट्रीय दर्जाची धावपट्टी जवळून दाखवायची तर बालेवाडीची सहल हेच उत्तम साधन आहे.

जागेचा प्रश्न खऱ्या अर्थाने समजतो तो परळ-लालबागला. प्रमाणित धावपट्टीच्या मैदानास सुमारे १७७ मीटर लांबी आणि ९३ मीटर रुंदी लागते, म्हणजे साधारण चार एकर. आता मुंबईच्या ५८ कापडगिरण्यांकडे सुमारे ६०० एकर जमीन होती, हे आठवावे. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि बहुतेक भोंगे कायमचे थांबले. १९९१ च्या नियमानुसार पुनर्विकास करताना या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी अशी वाटणी व्हायची होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या भूखंडापुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. ६०० एकरांचा तिसरा हिस्सा २०० एकर. चार एकरांनी भागले तर पन्नास धावपट्ट्या. पन्नास नकोतच; परळच्या मुलांना एक पुरली असती. आज त्या जागी काचेचे मनोरे आणि मॉल उभे आहेत. त्यांच्या सावलीत, नरे पार्कच्या मातीत मुले कबड्डी खेळतात आणि लालबागच्या गल्लीत, गणेशोत्सवाच्या मंडपाचे बांबू निघाल्यावर, दिव्याच्या खांबापासून दिव्याच्या खांबापर्यंत शर्यत लावतात.

जागा मिळाली तरी जैन घरातील मुलापुढे वेळेचा प्रश्न उरतोच. डिसेंबरच्या प्रारंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शाळा, शिकवणी आणि मग सराव असा क्रम असेल तर मूल मैदानावरून परतेपर्यंत चौविहाराची वेळ टळलेली असते. पहाटेचा सराव निवडावा, तर जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास. त्यानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी, म्हणजे आठ वाजेपर्यंत घोटभर पाणीही नाही. धावून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीची आई अशा वेळी हातात पाण्याची बाटली घेऊन उभी असते, आणि धर्म व माया यांच्यात तिची ओढाताण होते. यावर एकच उत्तर सर्व घरांना लागू पडणार नाही. कोणी गुरुमहाराजांच्या सल्ल्याने सरावाच्या काळापुरते नियमाचे स्वरूप बदलते, कोणी साडेपाचच्या आत डबा मैदानावरच पोहोचवते, कोणी सुटीच्या दिवशीच कठीण सराव ठेवते. मुलाने खेळ सोडावा किंवा नियम सोडावा, असे दोनच मार्ग आहेत हे मानणे मात्र चुकीचे ठरेल.

आहाराविषयीची भीती त्याहून सहज दूर होऊ शकते. १९९१ मध्ये टोकियो येथे १०० मीटरमध्ये ९.८६ सेकंदांचा तेव्हाचा जागतिक विक्रम करणारा कार्ल लुईस त्या काळात पूर्णपणे वनस्पतिजन्य आहार घेत होता, असे त्यानेच लिहिले आहे. मूग, मटकी, चणे, दूध, ताक, शेंगदाणे यांनी भरलेल्या स्वयंपाकघराला कमीपणा मानण्याचे कारण नाही. सावध राहायचे ते बाजारातील डबाबंद पावडरींपासून. त्यांत निषिद्ध द्रव्य मिसळलेले निघाले तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर उत्तेजकविरोधी नियमांत बहुधा पुरत नाही; शरीरात काय गेले याची जबाबदारी खेळाडूचीच असते.

आणखी एक परीक्षा आहे, ती घराच्या सचोटीची. जागतिक कनिष्ठ स्पर्धेत त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वयाची वीस वर्षे पूर्ण झालेली नसावी लागतात. आपल्याकडील कनिष्ठ स्पर्धांना वयचोरीची जुनी व्याधी जडलेली आहे. म्हणून मनगटाच्या हाडांची क्ष-किरण तपासणी करावी लागते. जन्मदाखल्यावरील एक खोटा आकडा मुलाला आज पदक देईल, परंतु ते पदक दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या गळ्यातून काढलेले असेल. अचौर्य हे व्रत केवळ तिजोरीपुरते नाही. दुकानाच्या वहीत जमा-खर्च चोख ठेवणाऱ्या घराने मुलाच्या जन्मतारखेची नोंदही तितकीच चोख ठेवावी.

परतीच्या वाटेवर ऑगस्ट क्रांती मार्गावर १९१४ साली स्थापन झालेल्या महावीर जैन विद्यालयाची वास्तू लागते; तारदेवला शेठ हिराचंद गुमानजी यांच्या नावाचे जैन बोर्डिंग आहे. बाहेरगावच्या मुलाला मुंबईत शुद्ध आहार मिळावा आणि त्याचे शिक्षण अडू नये, या एका विचारातून मागील पिढ्यांनी या संस्था उभ्या केल्या. दानशूरांनी तेव्हा विद्यार्थ्याची अडचण नेमकी ओळखली होती. आजच्या धावणाऱ्या मुलाची अडचणही तशीच नेमकी आहे: मैदानाजवळ सूर्यास्तापूर्वी मिळणारे जेवण, प्रशिक्षकाचे मानधन, बालेवाडीच्या स्पर्धेसाठी दोन रात्रींचा निवास. यासाठी नवी वास्तू बांधावी लागत नाही. एखाद्या संघाने वर्षाच्या अंदाजपत्रकात एक ओळ वाढवली तरी पुरे.

प्रियदर्शिनी पार्कमध्ये संध्याकाळी सूर्य समुद्राला टेकू लागतो तेव्हा धावपट्टीवर लांबच लांब सावल्या पडतात. एक फेरी राहिलेली असते. कठड्याशी डबा उघडून बसलेली आजी आधी आकाशाकडे पाहते, मग नातीकडे, आणि हाताने खूण करते की अजून दहा मिनिटे आहेत. नात मान डोलावते आणि पुन्हा आरंभरेषेकडे वळते.