एम.ए. समाजशास्त्र, आणि आता सिक्युरिटी प्लस कशाला?

वाडीत अमरावती रोडवर रात्री उशिरापर्यंत ट्रकांचा आवाज थांबत नाही. त्याच आवाजात विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही चौघे पाच महिन्यांपासून कॉम्प्टिया सिक्युरिटी प्लस या परीक्षेचा अभ्यास करतोय. एकजण ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बिल्टी लिहितो, एक पॉलिटेक्निकवाला, एक ताई बीसीसीए झालेली, आणि हे लिहिणारा समाजशास्त्राचा एम.ए. लॅपटॉप दोनच. वस्तीतले एक काका परवा म्हणाले, "बाबू, एवढे शिकले, आता हे हॅकिंग काहून शिकून राहिले?"

काकांचा प्रश्न रास्त आहे. सरळ उत्तर म्हणजे नोकरी. मिहानमध्ये आयटी कंपन्या आहेत, आणि तिथे आपली पोरं फक्त गेटवर सिक्युरिटी गार्ड म्हणून का दिसावीत? नोकरीसाठी शिकणं म्हणजे चळवळीशी गद्दारी, असं सांगणारे काही भेटतात. बहुधा त्यांची स्वतःची नोकरी पक्की असते.

पण आमच्यासाठी दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. 6 जून 2018 रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात पाच जणांना अटक झाली. त्यात आपल्या नागपूरचे अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग आणि प्रा. शोमा सेन होते. पुराव्याचा मोठा भाग संगणकातल्या फाईलींचा. 2021 मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक कंपनीने अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या संगणकात नेटवायर नावाचा मालवेअर घुसवून फाईली पेरल्या गेल्या, आणि सुरुवात ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या ईमेलने झाली. गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही त्याच कंपनीचा असाच निष्कर्ष आला. एनआयएने हे मान्य केलेलं नाही. कोर्ट काय ठरवायचं ते ठरवेल. आमचा प्रश्न असा की हा अहवाल वाचून समजेल, असे किती कार्यकर्ते आपल्याकडे आहेत? आम्हीही त्यात नव्हतो. मोर्चात घोषणा दिल्या, पण 'हॅश' म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

ते या अभ्यासात कळलं. एका फाईलमध्ये नुसतं 'जयभीम' लिहून तिचा एसएचए-256 हॅश काढला. 64 अक्षर-अंकांची ओळ आली. मग शेवटी एक पूर्णविराम टाकला, तर सगळी ओळच बदलली! बिल्टी लिहिणारा मित्र म्हणाला, "म्हणजे मालाचं सील." अगदी बरोबर. जप्तीच्या वेळी हे सील नोंदवलं नसेल, तर नंतर कुणी हात लावला की नाही हे सांगणं कठीण होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य द्यावं लागतं. त्याच दिवशी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. मित्रांनो, हे वकिलावर सोडून चालणार नाही. जप्ती होते तेव्हा वकील घरी नसतो.

समाजशास्त्र वाया गेलं असंही नाही. 'धोरण' आणि 'अंमलबजावणी' हा फरक पुस्तकात तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना. मग महाड आठवलं. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, तेही कागदावर. पाण्याला हात लागला 20 मार्च 1927 ला. बीसीसीएवाली ताई म्हणाली, "म्हणजे पॉलिसी होती, पण अ‍ॅक्सेस नव्हता." त्यानंतर त्या धड्यातला एकही सराव प्रश्न आमचा चुकला नाही.

आता मेरिटवाल्यांसाठी थोडं. जास्तीत जास्त 90 प्रश्न, 90 मिनिटं, 100 ते 900 च्या मोजपट्टीवर 750 हवेत, सगळ्यांना सारखेच. दिसायला किती समान! पण पेपर मराठीत नाही, हिंदीतही नाही. फी मोठी, नापास झालात तर पुन्हा तेवढीच. आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव असावा, अशी शिफारस वेगळीच. शिकवणीचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत हे खरं, पण इंग्रजी ऐकायची सवय फुकट मिळत नाही. आम्ही एकेक व्हिडिओ थांबवून थांबवून चार-चार वेळा ऐकतो.

चौघांची फी जमणं शक्य नव्हतं. म्हणून चौघांनी वर्गणी काढून एकाला बसवायचं ठरलं. कुणाला, यावर दोन रात्री वाद झाला. वयाने मोठे म्हणून आमचं नाव पुढे आलं, आणि खरं सांगायचं तर मोहही झाला. पण सराव परीक्षेत ताई आमच्यापेक्षा कायम पुढे असते. शिवाय घरी लग्नाचं बघणं सुरू आहे, तिच्याकडे वेळ कमी आहे. नाव तिचंच दिलं.

परवा अभ्यास संपल्यावर तिने मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोन मागून घेतले. अकरापैकी एकाच्याही व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली नव्हती. अध्यक्षांचा पिन होता 1956. तो तिने त्यांच्याकडून तिथल्या तिथे बदलून घेतला.