वैशाखातला समुद्र

आमच्या कुंभार पिंपळगावच्या शेतकऱ्याला सवड मिळते ती चैत्र-वैशाखात. ज्वारी घरात आलेली, पऱ्हाटी उपटलेली, पेरणीला अवकाश. म्हणून लग्ने, देवदर्शन, प्रवास सारे याच दिवसांत. आम्हीही एका वैशाखात आईला समुद्र दाखवायला अलिबागला नेले. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, तिकडे तेहेतीस-चौतीस. तेव्हा गारव्याला चाललो अशीच सर्वांची समजूत.

पहिल्याच रात्री ती समजूत फिटली. वारा पडलेला, घाम वाळेना, माठातले पाणीसुद्धा गार होईना! आपली हवा कोरडी. माठातून पाझरलेले पाणी ती झटकन सुकवते आणि त्या सुकण्यानेच आतले पाणी गार होते. अंगावरच्या घामाचेही तेच. समुद्राकाठच्या दमट हवेत हे घडत नाही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते, पण आई पदराने वारा घेत किनाऱ्यावरच बसून राहिली.

वैशाखातच निघायचे तर डोंगर गाठावा. हजार मीटर चढले की उष्मा साधारण सहा अंशांनी उतरतो. मेळघाटातले चिखलदरा अकराशे मीटरवर आहे.

पावसाळ्यात मात्र डोंगराडोंगरांत फरक. समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडून महाबळेश्वरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस टाकतात. जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आपल्या जालना जिल्ह्यापर्यंत सातशेच्या आसपासच पोचतो. म्हणून श्रावण-भाद्रपदात घाटमाथ्याला जाऊन धुके पाहण्यापेक्षा पोळा झाल्यावर, सोयाबीन काढणीला येण्याआधी, वेरूळ करावे. पाऊस बरा असला तर लेण्यांशेजारी धबधबा कोसळत असतो. मंगळवारी तेवढे जाऊ नये, लेणी बंद असतात.

समुद्राला माघ चांगला. तूर घरात आलेली असते, पण रानात ज्वारी उभी, पाखरे राखायला माणूस मागे ठेवावेच लागते. मागल्या माघात राखणीला आम्ही थांबलो आणि आई धाकट्याबरोबर पुन्हा अलिबागला गेली. ओहोटी साधून किल्ल्यात जाऊन आली. भोवती सारा खारा समुद्र आणि आतल्या विहिरीला गोडे पाणी, हे अजून शेजारणींना सांगत असते.